मागणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, मी एका कॉलेजातली जुनी खुर्ची आहे. साहेबांची नव्हे हं! साहेबांच्या खुर्चीला चाकं असतात, ती गरागरा फिरते, तिचा रुबाब वेगळा. मी टेबलाच्या अलीकडची. ज्याला काही मागायचं असतं, तो माझ्यावर बसतो. माझा एक पाय आखूड झाला आहे, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे आणि कोणी जरा हललं की मी करकरते. आता वय झालं म्हटल्यावर एवढं चालायचंच.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार म्हातारा होता आणि कामाला भलताच चिकट. माझ्या पाठीवर तो पुन्हा पुन्हा रंधा मारायचा, हात फिरवायचा, मान हलवायचा आणि पुन्हा रंधा मारायचा. शेवटी त्याची बायको वैतागून म्हणाली, "अहो, खुर्ची करताय की मुलीचं लग्न?" तेव्हा कुठे मला पॉलिश लागलं. बैठक वेताची विणली होती. तिची वीण इतकी सुबक होती, की मला घ्यायला आलेला माणूस भाव करायचंच विसरला.

सुरुवातीला मी प्राचार्यांच्या खोलीत पाहुण्यांसाठी होते. काय ते दिवस! पाहुणे यायचे, ऐसपैस टेकून बसायचे आणि म्हणायचे, "वा, खुर्ची मोठी आरामशीर आहे तुमची!" मी चांगलीच शेफारले होते. पुढे एका वजनदार पाहुण्यांनी माझा वेत फाडला. ते बैठकीत रुतून बसले, त्यांना चौघांनी ओढून काढलं आणि माझं नशीब फिरलं. वेताच्या जागी प्लायवूडची फळी ठोकली गेली आणि माझी रवानगी व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या 'विद्यार्थी मदत' खोलीत झाली.

त्या खोलीत मी पाहुण्यांची राहिले नाही, मागणाऱ्यांची झाले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मागायला आलेलं माणूस कधी टेकून बसत नाही. माझ्या काठावर जेमतेम बूड टेकतं, गुडघे जुळवतं, पिशवी मांडीवर घट्ट धरतं. सुताराने जीव ओतून घडवलेली माझी पाठ वर्षानुवर्षं तशीच राहिली. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आधी माझ्यासाठी वाटायचं, मग त्यांच्यासाठी वाटायला लागलं.

टेबलापलीकडे कारकून बाई बसायच्या. बाई जिभेने तिखट, पण मनाने तशा नव्हत्या. कॉलेजची फी झेपत नाही म्हणून आलेल्या प्रत्येकाला त्या सगळं नीट समजावून सांगायच्या. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते. बँकेचं शिक्षणकर्ज मिळतं, पण पालकाचा पगार पक्का हवा. हप्ते पाडून मिळतात, पण पहिला हप्ता मोठा असतो. ग्रंथालयात काम करून पैसे मिळतात, पण त्यात फार तर पुस्तकं येतात. आणि ज्यांचं यातल्या कशातच बसत नाही, त्यांच्यासाठी कॉलेजचा 'गरजू निधी' असतो. तो मुलाखत घेऊन देतात आणि ज्याला मिळतो त्याची सगळी फी माफ होते.

या निधीचा एक नियम होता. मुलाखतीला पालक आणि विद्यार्थी दोघांनीही एकत्रच यायचं. पूर्वी काही पालकांनी उत्पन्न लपवून मदत लाटली होती. म्हणून समितीने डोकं लढवलं, की मुलासमोर आईबाप खोटं बोलणार नाहीत. कागदावर नियम छान दिसत होता. खोलीत मात्र मागणाऱ्यांसाठी खुर्ची एकच, मीच. पालक बसायचे आणि मूल माझ्या मागे उभं राहायचं.

एके दिवशी एक बाइंडर आला, म्हणजे पुस्तकं बांधणारा. मध्यम वयाचा, इस्त्रीचा सदरा घातलेला. नखांत डिंकाचे जुने डाग होते, पण तळव्यांना ताजे फोड आले होते. त्याच्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. तो इतरांसारखाच काठावर बसला.

"मॅडम, पोरगी हुशार आहे हो," तो म्हणाला. "शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. परीक्षेच्या वेळी तिची आई आजारी होती. दवाखान्यात बसून अभ्यास केलाय तिने."

"बँकेत गेलात का?"

"पगार विचारतात. आता पगार कुठला सांगू?" त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमची प्रेस बंद पडली. मालकाने कुलूप लावलं आणि गेला, कुणाला कागद नाही की काही नाही. मी गोदामावर पोती उतरवतो सध्या. घरी माहीत नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, प्रेसला चाललो म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला निधीच बघायला हवा. पगाराची जुनी चिठ्ठी असेल ती आणा, आणि प्रेस बंद पडलीय ते समितीला स्वतःच्या तोंडाने सांगा. ते ऐकून घेतात. नक्की मिळेल तुम्हाला."

बाइंडरचा जीव भांड्यात पडला. तो हसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणजे माझ्या त्या खोलीतल्या आयुष्यात, कोणीतरी माझ्या पाठीला टेकलं.

"येताना मुलीला घेऊन या. दोघं एकत्र, तसा नियम आहे," बाई म्हणाल्या.

तो पुन्हा काठावर सरकला. "मुलीसमोर सांगायचं?"

"हो."

"मी लिहून दिलं तर नाही चालणार?"

"तोंडीच विचारतात हो. दोन मिनिटांचं काम आहे. तिला आज ना उद्या कळणारच आहे ना?"

"कळेल," तो म्हणाला. मग उठला आणि मला नीट टेबलाखाली सारून गेला. असं फारसं कोणी करत नाही.

मुलाखतीचा दिवस आला. टेबलापलीकडे समितीचे तिघे बसले होते. मधोमध एक वयस्क प्राध्यापिका, त्यांच्या एका हाताला हिशेबाचे साहेब, दुसऱ्या हाताला एक तरुण मास्तर, ते सारखे घड्याळ बघत होते. कारकून बाई कोपऱ्यात टिपून घेत होत्या. बाइंडर माझ्यावर बसला. त्याची मुलगी माझ्या मागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात माझ्या पाठीवर ठेवले. तिचं नाव काही असो, तो तिला चिमी म्हणायचा. चिमी चांगली उंच होती, तरी चिमीच.

प्राध्यापिकांनी तिला एकदोन प्रश्न विचारले. तिने धडाधड उत्तरं दिली. बाइंडरच्या अंगातून अभिमान असा ओसंडत होता, की मला तो फळीतूनसुद्धा कळत होता. मग हिशेबाच्या साहेबांनी पगाराची चिठ्ठी उचलली.

"प्रेसमध्ये आहात. हाच पगार चालू आहे ना अजून?"

प्रश्न एवढाच होता. मित्रांनो, माझ्या पुढच्या कडेला बाइंडरची बोटं आवळली. मागे माझ्या पाठीवर चिमीची बोटं आवळली. मी दोघांच्या मधे. सांग रे बाबा, मी मनात म्हणत होते, एवढं एक वाक्य सांगून टाक! कारकून बाईसुद्धा मान वर करून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"हो," बाइंडर म्हणाला. "चालू आहे साहेब. परमनंट आहे मी."

चिमीचे हात माझ्या पाठीवरून निघाले.

"मग तुम्हाला निधीची गरज नाही," हिशेबाचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "या पगारावर बँक आनंदाने कर्ज देईल. निधी आम्ही अगदीच ज्यांना आधार नाही त्यांच्यासाठी राखतो. तुम्हाला पटतंय ना?"

"पटतंय," बाइंडर म्हणाला. त्याने हात जोडले. दोघं बाहेर गेले.

दार लागताच कारकून बाई उभ्या राहिल्या. "साहेब, हे खोटं आहे! प्रेस कधीच बंद पडलीय. त्यांनी मला स्वतः सांगितलंय."

"कागद आहे काही?"

"कागद नाही. तोंडी सांगितलं होतं."

"तोंडी तर ते आत्ता उलटं सांगून गेले, बाई. बाप आपल्या मुलीसमोर सांगतोय की नोकरी आहे, आणि आपण त्याला खोटं पाडायचं?"

"मुलीसमोर आहे म्हणूनच..." बाई बोलायला लागल्या, पण तरुण मास्तरांनी पुढचा अर्ज उचलला होता. प्राध्यापिका म्हणाल्या, "यादी लागायच्या आत दोघं पुन्हा येऊन खरं सांगत असतील, तर मी ऐकेन." याहून जास्त काही करणं त्यांच्या हातात नव्हतं, किंवा त्यांना तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाइंडर एकटाच आला. बाईंनी त्याला फैलावर घेतलं. "अहो, काय केलंत हे? हातातोंडाशी आलेलं घालवलंत! अजून वेळ आहे. तिला घेऊन या आणि सांगून टाका."

"मॅडम, काल घरातून निघताना माझ्या तोंडात तेच वाक्य होतं. रस्ताभर मनात घोकत होतो. पण ती मागे उभी होती ना... तिने मला जन्मभर प्रेसवाला बघितलंय. शाळेत सांगायची, ही पुस्तकं माझ्या बाबांनी बांधलीत म्हणून." त्याने तळवे पाहिले आणि मिटून घेतले. "काल गेलं ते गेलं. आता पुन्हा तिला आणून म्हणू, की काल मी खोटं बोललो? आधी फक्त गरीब ठरलो असतो, आता खोटारडाही ठरेन. नाही जमणार मला."

"तिचं वर्ष जाईल हो!"

"बँकेचं बघतो," तो म्हणाला. तरी उठेना. बराच वेळ बसून राहिला. बाईंनी पाणी दिलं, ते तो प्यायला नाही. शेवटी शिपाई खोली झाडायला आला तेव्हा तो उठला. मला सारायचं विसरला.

यादी लागली. त्यात चिमीचं नाव नव्हतं. बँकेने प्रेसमध्ये फोन लावला, तो कोणी उचलला नाही. बँकेसाठी तो गरीब निघाला आणि निधीसाठी श्रीमंत. फी भरायची मुदत संपली, जागा पुढच्या मुलाला गेली.

नंतर एका दुपारी चिमी आपली मूळ प्रमाणपत्रं परत न्यायला एकटीच आली. बाईंनी बस म्हटलं. ती माझ्यावर पहिल्यांदाच बसली, काठावर, थेट बापासारखी.

"आता काय करतेस गं?"

"औषधांच्या दुकानात लागलेय. डबे लावायचे, खोकी फोडायची."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी स्वतः बघते."

"पुढच्या वर्षी धाकट्याची फी असेल, मॅडम. माझा पगार आता घरात धरलाय." ती सरळ आवाजात बोलत होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आणि बाबा?"

"बरे आहेत. रोज डबा घेऊन प्रेसला जातात." तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, प्रेस बंद आहे ते मला माहीत आहे."

प्रमाणपत्रं तिच्यापुढे ठेवून कपाट लावणाऱ्या बाईंचा हात कडीवरच राहिला. "कधीपासून?"

"मुलाखतीच्या आधीपासून. गोदामापाशी पाहिलं होतं मी त्यांना, पाठीवर पोतं घेतलेलं. मी तशीच मागे फिरले. त्यांचा डबा मीच भरते रोज. तेव्हापासून जरा जास्त भरते, ओझं उचलतात म्हणून."

"अगं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ते बोलतील. मी वाट बघत होते. आणि ते 'चालू आहे' म्हणाले." चिमीने प्रमाणपत्रं पिशवीत घातली. "चारचौघांत मी त्यांना खोटं कसं पाडू, मॅडम? माझे बाबा आहेत ते."

ती गेली. बाईंनी दार लोटून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकलं. मी पुष्कळ माणसांचं रडणं सोसलं आहे, पण पलीकडच्या बाजूचं रडणं तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

बाईंनी त्यानंतर अर्ज केला, की पालकांना दोन मिनिटं एकटं विचारू द्या. उत्तर आलं, की नियम विचारपूर्वक केलेला आहे. पुढे बाईंची बदली झाली. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली टाकलं. आता माझ्यावर फुटकी बादली आणि ओलं फडकं असतं. फळी कुजत आली आहे. इथे अंधारात पडल्या पडल्या मला राहून राहून त्या दोघांच्या आवळलेल्या बोटांची आठवण येते. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती आणि मी मधे असून मला ती सांगता आली नाही. लाकडाला तोंड नसतं, याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला आता जपून काही उपयोग नाही, मला खुशाल जळणात घाला. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी कोणी काही लपवत असेल आणि तुम्हाला ते कळलं असेल, तर ते माणूस आपणहून सांगेल म्हणून वाट बघत राहू नका. आजच जवळ जाऊन बसा आणि हळूच म्हणा, "बाबा, मला माहीत आहे." चिमीला आता हे म्हणता येत नाही. आता म्हटलं, तर जिच्यापासून लपवायला तो खोटं बोलला तिला ते आधीच माहीत होतं, तिचं कॉलेज उगाचच गेलं, हे बापाला कळेल. म्हणून ती रोज सकाळी डबा भरते, त्याच्या हातात देते आणि म्हणते, "बाबा, लवकर निघा, प्रेसला उशीर होईल."