दुबार नोंद

हळद शिजायला लागली की आधी वास येतो. वाफ नंतर दिसते.

झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढली की अक्षरांना केस फुटतात.

यंदापासून पुष्पगुच्छ बंद, पाहुण्यांना रोपटं द्यायचं असं ठरलं होतं. रोपटं जास्वंदीचं होतं. त्याला एक कळी होती.

काही माणसांना पहिल्या मोटारसायकलचा नंबर मरेपर्यंत पाठ असतो.

लाल पट्टी. बोटभर रुंद.

“सही झाली की आधी मला फोन कर, मंग पेढे घे. उलटं करू नको.” आखाडा बाळापूरहून सोजराबाई, लेकीला, व्हॉट्सअॅपवर.

नोंदीचा प्रकार: संशोधन लेख

लेक म्हणजे ऐश्वर्या खंदारे. हळदीच्या कंदकुजीवर ती पीएच.डी. करत होती. जमिनीतला कंद कुजतो, वर पानं पिवळी पडतात, आणि शेतकऱ्याला कळतं तोवर अर्धा वाफा गेलेला असतो. हे का होतं आणि कशानं थांबतं, एवढाच तिचा विषय. प्रबंध छापून झाला होता. जमा करायची मुदत शनिवारी संपत होती. प्रबंधासोबतच्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची सही तेवढी राहिली होती.

मार्गदर्शक डॉ. हरिचंद आडे. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या एका तांड्यावरचे, त्या तांड्यातले पहिले डॉक्टर. सुईवाले नव्हेत, असं ते स्वतःच सांगत.

“गुरुवारी आपली कार्यशाळा होऊ दे,” सर म्हणाले होते. “मंग निवांत बसून सही करतो. घाईत सही करायची सवय न्हाई मला.”

आज गुरुवार.

कार्यशाळा हिंगोलीतल्या त्यांच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती. डेटाबेसमधून संशोधन लेख कसे शोधायचे, आणि सापडलेले संदर्भ सॉफ्टवेअरमध्ये कसे सांभाळायचे, हे प्राध्यापकांना शिकवायचं होतं. शिकवणार ऐश्वर्या. उद्घाटन, आभार आणि मध्ये सत्कार, बाकी सगळे.

दुबार नोंदी (२)

सकाळी हॉल रिकामा होता. ग्रंथपाल धम्मानंद खिल्लारे खुर्च्या मोजत होते आणि ऐश्वर्या लॅपटॉपवर शेवटची साफसफाई करत होती.

“हातानं टाइप केलेल्या नोंदी काढून टाक,” धम्मानंद म्हणाले. “डेटाबेसमधून ओढून घे सगळं. नावात चूक राहत न्हाई, पान नंबर बराबर येतात.”

तिच्याकडे हातानं टाइप केलेली नोंद एकच होती. सरांचा २०१६ चा लेख. पहिल्या वर्षी सरांनी त्याची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली होती, वर शुभेच्छा लिहून, तारीख टाकून. मार्गदर्शकाचा लेख मार्गदर्शकाच्या हातून मिळाल्यावर तो पुन्हा कोण कुठं शोधत बसतं? तिनं झेरॉक्सवरून नाव, वर्ष, पानं टाइप केली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या लेखावर उभं केलं.

तिनं डेटाबेस उघडला. लेख सापडला. बटण दाबलं. नोंद आली, तिच्या जुन्या नोंदीखाली बसली.

आणि नव्या नोंदीवर लाल पट्टी उमटली.

*हा लेख मागे घेण्यात आला आहे.* म्हणजे छापणाऱ्यांनीच तो सदोष ठरवून रद्द केला होता.

तिनं सॉफ्टवेअर बंद केलं. पुन्हा उघडलं. पट्टी होती तिथंच होती. खाली सॉफ्टवेअरनं अदबीनं विचारलं होतं: या दोन नोंदी एकाच लेखाच्या दिसतात. एकत्र करायच्या? कोणती ठेवायची?

एक स्वच्छ. एक लाल.

“धम्मानंद सर.”

ते आले, वाकून वाचलं, सरळ झाले. दाराकडे बघितलं.

“आडे सरांना माहीत आहे?”

“मला काय माहीत!”

“हळू बोल.” त्यांनी स्वतःच लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. “हे बघ. आधी सही घे. मंग बोल. सोमवारी बोल.”

“पण तिसरं प्रकरण—”

“ऐश्वर्या. शनिवार गेला तं नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं काम पाण्यात. आणि भर हॉलमध्ये त्या माणसाचं नाक कापायचं का तुला?”

तिनं दोन्ही नोंदी कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकल्या. एकत्र केल्या नाहीत. कोणती ठेवायची, या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही.

लेखक

हॉल भरला. प्राचार्य पहिल्या रांगेत. शेजारी आडे सर, मांडीवर शाल, पायाशी जास्वंद. मागे शिक्षक, त्यांच्या मागे पंख्याखालची जागा धरून वाणिज्य विभागाच्या दिपा मॅडम, ज्यांना कुठल्याही कार्यशाळेत काही पटत नसे.

ऐश्वर्या बोलत होती. शब्द कसे निवडायचे, शोध अरुंद कसा करायचा, सापडलेला लेख एका बटणात आपल्या संग्रहात कसा येतो. आवाज बरा लागला होता. उदाहरणासाठी तिनं कापसावरचा एक लेख तयार ठेवला होता.

“कापूस?” प्राचार्य म्हणाले. “अहो, घरचा लेख सोडून बाहेरचा कशाला? आपल्या आडे सरांचा लेख टाका की. सत्काराचा सत्कार होईल.”

टाळ्या.

सर लाजले. खरंच लाजले, मान खाली घालून. “राहू द्या हो सर.”

“न्हाई न्हाई, तोच टाका.”

ऐश्वर्यानं धम्मानंदांकडे बघितलं. ते प्रोजेक्टरच्या वायरकडे बघत होते.

“आता… आपण आधी हातानं नोंद कशी करतात ते बघू,” ती म्हणाली. रिकामा रकाना उघडला आणि सरांचं नाव टाइप करायला लागली. हातानं टाइप केलेल्या नोंदीला पट्टी येत नाही. इतकी वर्षं आली नव्हती.

“बाई,” मागून दिपा मॅडम, “हातानंच लिहायचं तं सॉफ्टवेअर काहून पायजे? वहीत आमी लिहितोच की.”

हॉल हसला.

“डीओआय टाक ना,” आडे सर म्हणाले. मग लोकांकडे वळून, “प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक असतो, बरं का. लेकराच्या आधार कार्डासारखा. तो टाकला की लेख आपोआप चालत येतो.” पुन्हा तिच्याकडे. “सांगतो. लिही. दहा पूर्णांक…”

त्यांनी सगळा क्रमांक न बघता सांगितला. तिरप्या रेषेसकट.

तिनं शेवटचा आकडा चुकवला.

पडद्यावर कोंबड्यांच्या खाद्यावरचा लेख आला.

“आडे सर, तुमची हळद कोंबड्यांनी खाल्ली!” दिपा मॅडम. या वेळी प्राचार्यसुद्धा हसले.

“सात. शेवटी सात,” सर म्हणाले. “एक लिहिलास तू.”

“सॉरी सर. नेट पण जरा स्लो—”

“नेट चालू आहे,” कुणीतरी मागून.

सर उठले. शाल खुर्चीवर ठेवली. टेबलाच्या या बाजूला आले आणि तिच्या खांद्यावरून वाकले. त्यांच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. एक बोट पुढं करून त्यांनी स्वतः एकचा आकडा पुसला, सात लिहिला.

“दाब.”

तिनं दाबलं नाही.

“अगं दाब ना, भिऊन काय राहिली?”

सरांनीच दाबलं.

नोंद जोडली

पट्टी लगेच येत नाही. आधी नोंद येते. लेखाचं नाव, वर्ष, चार लेखकांची नावं, त्यात तिसरं: आडे, ह.

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी मागे वळून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सर पडद्याकडे बघत उभे राहिले, जसं कुणी आपल्याच लग्नाचा फोटो बघतं.

सॉफ्टवेअर तेवढ्या वेळात कुठंतरी जाऊन विचारून आलं.

टाळ्या सगळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या रांगेत आधी थांबल्या. मागचे, ज्यांना अक्षरं दिसत नव्हती, ते वाजवत राहिले.

“हे लाल काय आहे?” प्राचार्य.

पुढच्या रांगेतल्या माना ऐश्वर्याकडे वळल्या.

“सर,” धम्मानंद पुढं झाले, “हे सॉफ्टवेअर कधी कधी चुकतं. नावात गल्लत होते. तांत्रिक अडचण.”

“हां, तांत्रिक,” प्राचार्य लगेच उठले. “चहा घेऊन टाकू आपण मध्ये. चला, चला.”

खुर्च्या सरकल्या. दार उघडलं. अजून क्षणभर तसंच गेलं असतं तर ते खरंच तांत्रिक झालं असतं. हिंगोलीत संध्याकाळपर्यंत ते तांत्रिकच राहिलं असतं, आणि संध्याकाळी निवांत बसून सही झाली असती.

आडे सर हलले नव्हते. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

“ऐश्वर्या. हे चुकतं का?”

तिचा हात माउसवर होता. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

“न्हाई सर,” ती म्हणाली. “बराबर आहे.”

दाराशी गेलेले थांबले.

“उघड. वाच.”

“सर, नंतर—”

“मोठ्यानं वाच. मागच्या बाकापर्यंत गेलं पायजे.”

तिनं पट्टीवर टिचकी मारली. लेख छापणाऱ्या नियतकालिकाची सूचना उघडली. ती इंग्रजी वाचत आणि मराठीत सांगत गेली. चौथं छायाचित्र आणखी दोन लेखांत वापरलेलं आढळलं. पहिल्या लेखकानं चूक मान्य केली आहे. म्हणून लेख मागे घेण्यात येत आहे. बाकीच्या लेखकांशी संपर्क होऊ शकला नाही.

“होऊ शकला न्हाई?”

“असं लिहिलंय सर.”

“मी हितंच तं होतो,” सर म्हणाले. तिला नाही, पडद्याला. “कुठं गेलो होतो मी? रोज हितंच येऊन राहिलो.”

धम्मानंद हळू म्हणाले, “तुमचा जुना ईमेल असेल सर. कॉलेजचा. वेबसाइट बदलली तवा ते सगळे बंद पडले.”

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

ऐश्वर्यानं खोटं शोधून बघितलं. जवळच एक होतं: तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ते अर्धं खरंही होतं.

“सही राहिली होती, सर.”

मागे कुणीतरी फसकन हसलं. दिपा मॅडमनी मान वळवून त्या माणसाकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला.

कोणती ठेवायची?

चहा झाला. लोक गेले. शाल खुर्चीवर राहिली.

सर ग्रंथालयाच्या आतल्या टेबलाशी बसले. “सकाळची दाखव.”

तिनं कचऱ्यातून दोन्ही नोंदी परत काढल्या. एक स्वच्छ. एक लाल. सरांनी स्वच्छ नोंद नीट वाचली, तिनं टाइप केलेली, एकही चूक नसलेली. मग लाल नोंद निवडली आणि एकत्र करा म्हणून दाबलं. दोनाची एक झाली.

“आता प्रबंध उघड.”

प्रबंध उघडला. तिसऱ्या प्रकरणात जिथं जिथं त्यांचं नाव होतं तिथं तिथं सॉफ्टवेअर अडायला लागलं. हा लेख मागे घेतलेला आहे, तरी उद्धृत करायचा? पुढच्या पानावर तेच. पुढच्या पानावर पुन्हा.

“बास,” सर म्हणाले.

धम्मानंद दोन कप घेऊन आले आणि ते टेबलावर ठेवून उभे राहिले.

“सर,” ऐश्वर्या म्हणाली, “लेखातलं फक्त छायाचित्र गेलंय. तुमचे उत्पादनाचे आकडे खरे असतील ना?”

“असतील?” त्यांनी वर बघितलं. तिला वाटलं आता चिडतील. “खरे आहेत. पण आता ते मी सांगून उपयोग न्हाई. तुझ्या स्वतःच्या बाळापूरच्या वाफ्यांची वजनं आहेत की न्हाई?”

“तीन हंगामांची आहेत.”

“मंग प्रकरण त्याच्यावर उभं कर. माझं नाव काढ तिथून.”

“शनिवारपर्यंत?”

“न्हाई होणार.”

ती तशीच कागद शोधायला उठली. मुदतवाढीच्या अर्जाचा नमुना धम्मानंदांच्या कपाटात होता. विद्यापीठ शेवटच्या आठवड्यात मुदतवाढ क्वचित देतं, हे तिघांनाही माहीत होतं.

“कारण वैद्यकीय लिहा सर,” धम्मानंद म्हणाले. “सगळे तेच लिहितात. लवकर मंजूर होतं. प्रमाणपत्राची सोय मी करतो.”

“कोण आजारी आहे?”

“कुणी न्हाई सर. लिहायचं असतं.”

सरांनी अर्ज स्वतःकडे ओढला. कारणाचा रकाना विद्यार्थ्यानं भरायचा होता. त्यांनी स्वतःच भरला, सावकाश, घाई न करता. *मार्गदर्शकाच्या ज्या लेखावर प्रकरण तीन आधारित आहे तो लेख मागे घेण्यात आल्याने.* खाली नाव. खाली सही.

“हे वाचून ते तुमचं मार्गदर्शकपदच काढून घेतील,” धम्मानंद म्हणाले.

“घेतील.”

“मंग पोरीचं काय?”

सरांनी अर्ज ऐश्वर्यासमोर सरकवला.

“हा पाठवायचा का न्हाई ते तू ठरव. न्हाई पाठवायचा तं सांग, प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर आत्ता सही करतो. कार्यशाळेतल्या लोकांना तांत्रिक होतं म्हणून सांगतो. मी पण सांगतो.”

दोन्ही कागद टेबलावर होते. तिनं प्रबंधाचं बिनसहीचं प्रमाणपत्र उचललं, घडी केली, पिशवीत टाकलं. मग अर्ज स्कॅनरखाली धरला. पहिली प्रत पुसट आली. दुसरी काढली. ईमेल उघडला, पत्ता घातला, पाठवला.

सर फोन घेऊन खिडकीशी गेले होते. पहिल्या लेखकाला लावून राहिले होते. उचलला जात नव्हता. त्यांनी पुन्हा लावला.

२०१५ च्या मार्चात, सिद्धेश्वरच्या खालच्या अंगाला, सरांच्या आई धुरपताबाईंनी त्या लेखातली हळद स्वतः खणून काढली होती, आणि वावरातच तराजू टांगून सरांनी एकेक वाफा तोलला होता.