माझी ढगातली सवत

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला एक सवत आहे. हसू नका. लॅपटॉपला कसली आली सवत, असे तुम्हाला वाटेल. पण जिच्यामुळे आपल्या हक्काच्या माणसाचे आपल्यावरचे मन उडते, तिला दुसरे काय म्हणायचे? तिचे नाव क्लाउड. आमच्या दुकानात तिला नुसते ‘वर’ म्हणतात. "वर ठेवलंय", "वर आहे की", असे म्हणताना सगळे छताकडे बोट दाखवतात. मी इतकी वर्षे खाली, टेबलावर. माझ्याकडे बोट दाखवतात ते फक्त शिव्या देताना.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला आणि उमेदीची वर्षे एका थंड देशातल्या विमा कचेरीत गेली. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा माझे पोट पुसून मला खोक्यात भरले. जहाजाने टेमा बंदर गाठले, तिथून ट्रकने कुमासी शहर. जुन्या मालाच्या बाजारात सेरवाने मला उचलले, माझे झाकण उघडून मिटून बिजागरी कुरकुरते का ते ऐकले आणि म्हणाली, "म्हातारा आहे, पण चालेल." तेव्हा मी मुळीच म्हातारा नव्हतो. तरीही मी तिला जीव लावला.

सेरवाचे दुकान शहराच्या बंतामा भागात, भर रस्त्यावर. ती गेलेल्या माणसांचे फ्लेक्स आणि आठवणींच्या पुस्तिका करते. आमच्याकडे माणूस गेला की घाईने पुरत नाहीत. घरची मंडळी दमाने तयारी करतात, मग एका शनिवारी लाल-काळी वस्त्रे नेसून सारा गोतावळा जमतो, आणि त्याआधी चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. फ्लेक्सवर माणूस रुबाबदार दिसला पाहिजे, नाहीतर त्याच्या आईकडच्या घराण्याची मान खाली जाते; आमच्याकडे कूळ आईकडूनच चालते. आता गरिबाकडे रुबाबदार फोटो कुठून येणार? म्हणून सेरवा त्याच्या जुन्या फोटोतले डोके कापून घेते आणि केंटेचे भरजरी वस्त्र पांघरलेल्या एका धडावर बसवते. ते धड माझ्या पोटात असते. रुंद खांदे, गळ्यात सोने, हात मांड्यांवर. हमाल, शिंपी, शाळेतला शिपाई, सगळे त्या एकाच धडावर बसून राजे झाले.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते! हजारो चेहरे माझ्या पोटात नांदत होते. कोणी विचारले, "गेल्या वर्षीचा आजीचा फोटो आहे का?" की सेरवा मला थोपटून म्हणायची, "याच्याकडे सगळं असतं." हरमतानच्या वाऱ्याने धूळ आत गेली तरी मी पंखा घरघरवत राहायचो. कौतुकाचा एक शब्द मिळाला की असल्या कष्टांचे काही वाटत नाही.

मग माझे पोट भरले. पडद्यावर लाल पट्टी आली. नवा फोटो घ्यायला सांगितला की मी अडायचो. सेरवाचा दीर ओसेइ शेजारीच फ्लेक्स छापतो. तो माझ्यापुढे बसून मान हलवत म्हणाला, "वहिनी, याला अजीर्ण झालंय. सगळं वर टाकू या."

"वर म्हणजे नक्की कुठं, भाऊजी?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण जागा बक्कळ आहे. आधी सगळं वर चढू दे. मग फाइलवर राइट क्लिक करायचं आणि ‘जागा मोकळी करा’ म्हणायचं. नाव इथं राहतं, माल वर जातो. हवं तेव्हा दोनदा टिचकी मारा, खाली येतो."

तसे झाले. एकेक चेहरा माझ्यातून निघून गेला. उरली ती नुसती नावे, आणि प्रत्येक नावाशेजारी एक इवलासा ढग. म्हणजे माझ्याच छातीवर सवतीचा शिक्का! पोट हलके झाले, मी भराभरा चालू लागलो, हे खरे आहे. पण आता सेरवा गिऱ्हाइकांना काय सांगायची? "काळजी नको, वर आहे." थोपटणे बंद. भरल्या घरातून उठवून मला दारावरचा रखवालदार केले होते आणि पाहुणे आत-बाहेर करताना माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

मी जळफळत होतो, अगदी आतून. नेटवर्क गेले की मला गुदगुल्या व्हायच्या. बसली ना बया रुसून, आता बोलाव तिला, असे मी मनात म्हणायचो. पण गंमत पाहा. फोटो उघडला नाही की सेरवा थप्पड मारायची ती मला! "हा मेला पुन्हा अडकला," म्हणायची. ती वरची अडली तरी शिव्या मला, आणि मी राबलो तरी नाव तिचे. याला न्याय म्हणतात का?

ईस्टरच्या आधी कामाची झुंबड उडाली. माझ्या पोटात पुन्हा लाल पट्टी दिसू लागली, कारण नवे फ्लेक्स तर मीच पोसत होतो. सेरवाने यादी पाहिली. वर्षभरापूर्वी गिऱ्हाइकांनी आणलेल्या मूळ फोटोंची नावे ढग लावून तशीच बसलेली.

"ही बघ, अजून इथंच ठाण मांडून आहेत," ती स्वतःशी पुटपुटली. "नावं दिसतायत म्हणजे जागा खात असणार. वर आहेतच की, इथली काढून टाकते."

ती नावे तिळाएवढीही जागा खात नव्हती. ओसेइने ‘जागा मोकळी करा’ सांगितले होते. तिने त्याच्या खालचे ‘काढून टाका’ दाबले. मी चौकट पुढे केली: हे सगळीकडून जाईल, नक्की ना? माझ्या हातात तेवढेच होते. तिने न वाचता ‘हो’ म्हटले. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. तिचेही घर रिकामे झाले! आता दाखव म्हणावे तोरा.

काही आठवडे गेले आणि आफ्रिये मावशी आली. ती बाजारात भाजलेली कच्ची केळी विकते. तिचा थोरला भाऊ अदोमाको गेल्या वर्षी गेला होता, आणि आता वर्षाच्या प्रार्थनेसाठी नवा फ्लेक्स हवा होता. सेरवाने जुना फ्लेक्स पडद्यावर आणला. भरजरी केंटे, सोने, रुंद खांदे आणि सेरवाने बसवलेला पुढचा दात.

मावशीने तो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हा कुठला राजा गं?"

"असं काय करता, मावशी? तुमचे दादाच ते."

"माझा दादा कोंबड्या विकायचा. खांदा एका बाजूला उतरलेला, टोपल्या वाहून वाहून. हे खांदे कुणाचे?"

"खरं सांगू? सगळ्यांचेच."

मावशी खो-खो हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "गेल्या वर्षी मामा म्हणाला, घराण्याची अब्रू आहे, नीट दिसू दे. मी गप्प बसले. पण पोरी, वर्षभर घरात त्या फ्लेक्ससमोर बसते आणि मला रडूच येत नाही. परक्या माणसासमोर कशी रडू? मला तो फोटो दे, मी आणला होता तो. काखेत कोंबडा, पुढचा दात पडलेला, हसतोय तो."

"कागदाचा तुमच्याकडेच असेल ना?"

"पेटीत होता. वाळवीनं पेटीसकट खाल्ला. दादाचा दुसरा फोटोच नाही. कॅमेरा दिसला की पळायचा तो."

सेरवाने शोधले. नाव नाही. पुन्हा शोधले. तिच्या बोटांना घाम आलेला मला कळांवर जाणवत होता. तिने माझी केराची टोपली उघडली. तिच्यात काही नव्हते आणि असणारही नव्हते. तो फोटो माझ्यात होताच कुठे? माझ्याकडे होते ते नुसते नाव, आणि तेही गेलेले. माझ्यापाशी ते भाड्याचे धड तेवढे शाबूत होते. एवढ्या वर्षांत मला स्वतःची इतकी कीव कधी आली नव्हती.

ओसेइ धावत आला. "वहिनी, मोकळी केली की काढून टाकली?"

"काढून टाकली. वर आहे ना पण?"

ओसेइने कपाळावर हात मारला. "अहो, खालचं आणि वरचं ताट एकच! इथून मोकळं केलं तर वर राहतं. इथून काढलं की वरूनही जातं."

"म्हणजे मी त्याला मारला," सेरवा अगदी बारीक आवाजात म्हणाली. मावशी स्टुलावर बसली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"थांबा, थांबा. वरचीचीही एक केराची टोपली असते. काही आठवडे ठेवते, मग केर बाहेर. कधी काढलं?"

"ईस्टरच्या आधी."

ओसेइने बोटांवर हिशेब केला आणि तोंड वाकडे केले. "काठावर आहे."

नेमके नेटवर्क गेलेले. ओसेइ फोन उंच धरून दारात उभा राहिला. त्याच्या फोनवरून मला थेंब थेंब नेटवर्क मिळत होते. पडद्यावर गोल चक्र फिरत होते. मित्रांनो, ज्या बयेचे वाटोळे व्हावे म्हणून मी इतके दिवस झुरलो, तिला मी त्या वेळी मनापासून विनवले: बाई, तुझ्याकडे असू दे. तूच जिंक. मला पुन्हा कोणी थोपटले नाही तरी चालेल, पण त्या म्हातारीचा भाऊ तेवढा असू दे.

टोपली उघडली. नावांची रांग आली. सेरवा एकेक नाव मोठ्याने वाचत खाली गेली आणि एकदम थांबली. "आहे!"

तो खाली उतरला, माझ्यात. आधी आभाळ, मग टोपी, मग ते दात पडलेले हसू, उतरलेला खांदा आणि काखेत डोळे वटारलेला तांबडा कोंबडा. आफ्रिये मावशी उठली. तिने हात पदराला पुसला, माझ्या पडद्यावर ठेवला आणि "दादा रे," म्हणून जी रडायला लागली ती थांबेना. तिचे अश्रू माझ्या कळांत शिरले. एरवी पाण्याचा थेंब दिसला तर माझा जीव जातो. त्या दिवशी मी हूं की चूं केले नाही.

"हे इथेच ठेवता येईल का?" सेरवाने विचारले. "वर आहे तसं, पण इथंही. कायमचं."

"येतं की. राइट क्लिक करा, ‘नेहमी या यंत्रावर ठेवा’ म्हणा."

तिने तसे केले. ढग पुसला गेला आणि तिथे हिरवी भरीव खूण उमटली. माझ्या पोटात पुन्हा एक माणूस राहायला आला.

कोंबडेवाला अदोमाको चौकात लागला तेव्हा मामाने आधी नाक मुरडले. मग त्यालाही हसू आवरेना, आणि प्रार्थनेला आलेले लोक फ्लेक्ससमोर उभे राहून त्याच्या खोड्या सांगत बसले.

आता सेरवाकडे नवे यंत्र आहे, पातळ आणि चकचकीत. मी फळीवर असतो, बिजागरीला चिकटपट्टी लावून. त्या नव्याचाही मला राग येतो, लपवून काय उपयोग? स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, आपल्या यंत्राचे पोट भरले तर जागा खुशाल मोकळी करा, ते आम्हालाही सुखाचे असते. पण मोकळे करणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. चौकट पुढे आली की घटकाभर थांबा, वाचा, मग बोट टेकवा. आणि जे माणूस पुन्हा मिळणार नाही, त्याला एकाच घरी ठेवू नका. मला नको, तिलाही एकटीला नको.

वरचीकडेही अदोमाकोची प्रत आहे, मला ठाऊक आहे. असू दे. पण केळी संपली की आफ्रिये मावशी दुकानात येते, स्टूल ओढून माझ्यासमोर बसते आणि सेरवाला म्हणते, "उघड गं याला, दादाला भेटायचंय."