गिऱ्हाइकात न धरलेली

पहाटे भिंगारहून निघून, दोन एसट्या आणि एक खच्चून भरलेली जीप बदलत निकिता अकरा वाजता भंडारदऱ्याला मामाकडे पोचली, तेव्हा तिच्या पोटात नुसत्या गप्पा उकळत होत्या. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर! आता ती कुणाला म्हणजे कुणालाच घाबरत नव्हती. आणि हे सगळं सांगायचं होतं एकाच माणसाला, मामेबहीण रेश्माला. दिवाळीच्या सुट्टीतला हा एकच दिवस हातात होता. उद्या सकाळी परत.

रेश्मा बोटीच्या धक्क्यावर होती. गळ्यात शिट्टी, हातात माईक.

"आली व्हय गं? बस पुढं. बारा माणसं झाली का निघतोच," म्हणाली आणि जाकिटं वाटायला पळाली.

धरण भरलं की उत्तरेकडच्या टेकड्यांची नुसती डोकी पाण्यावर राहतात. मामाच्या गावात त्यांना टेपाडं म्हणायचे. पर्यटक आले आणि टेपाडांची बेटं झाली. गेल्या वर्षी मामानं, म्हणजे सहादेवमामानं, इंजिनाची बोट घेतली.

"मामा, मी सांगते ना माहिती! नाहीतर जाकिटं तरी वाटते."

"ह्या! भाचीला कामाला लावू व्हय? कुठं फेडू हे पाप?" म्हणत मामानं वाकून तिच्या पायाला हात लावला, तोही सगळ्या पर्यटकांसमोर. एका बाईंनी व्हिडिओ काढला. निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामाकडे भाची म्हणजे देव. तिनं उष्टं ताट उचलायचं नाही, केरसुणीला शिवायचं नाही. पूर्वी मामाची पाठ वळली की रेश्मा हा नियम धाडकन मोडायची आणि निकिताला शेळ्या वळायला, खेकडे धरायला खुशाल जुंपायची. आता मामाची पाठ वळत नव्हती. तो सुकाणू धरून मागं बसला होता, आणि निकिता पुढच्या फळीवर, गादी घालून, एकटी.

पहिल्या बेटावर राजकन्या पॉइंट होता.

"इथे एक राजकन्या चांदण्यात स्नानाला यायची," रेश्मा माईकवर अगदी शहरी बोलीत म्हणाली.

"कुठली राजकन्या गं?" निकिता कुजबुजली.

"गप. मागच्या महिन्यात आली," रेश्मा ओठ न हलवता म्हणाली.

निकिता इतकी हसली की फळीवरून पडता पडता राहिली. वाटलं, आली, आपली रेश्मा आली! पण तेवढ्यात कुणीतरी मॅगी कुठे मिळेल विचारलं, आणि रेश्मा परत माईकची झाली.

दुसऱ्या बेटावर फोटोचा झोपाळा होता. तिसरं बेट सगळ्यात मोठं. दोघी तिथं उन्हाळ्यात, पाणी उतरलं की चालत जायच्या, तीन दगडांची चूल मांडून खेकडे भाजायच्या. निकिता ती जागा शोधत पलीकडच्या उताराला गेली. तिथं निळ्या तंबूंची रांग होती आणि त्यामागं पत्र्याचे संडास. तंबू रिकामे. तिनं एका तंबूसमोर उभं राहून घसा साफ केला.

"रसिक पर्यटकहो! हे बेट नव्हे, हे टेपाड आहे…"

काय बोलली ती! भात, शेळ्या, खेकडे, सगळं आलं. स्पर्धेतही इतकं छान जमलं नव्हतं. टाळ्या तेवढ्या नव्हत्या.

ती परत आली तेव्हा बोट पाण्यात बरीच आत गेली होती.

"मामा! रेश्मे!" ती ओरडली. इंजिनापुढं आवाज कुठला पोचतोय. तिनं दोन्ही हात हलवले. बोटीतल्या पर्यटकांनी तिला पाहिलं आणि हसत, अगदी मनापासून, टाटा केलं. रेश्मा पाठमोरी होती.

मोबाईलला रेंज नव्हती. निकिता काठावर बसून राहिली. आपल्याला विसरले, याचं तिला फारसं वाटलं नाही. आत्ता बोटीत आपली जागा रिकामी आहे आणि ते कुणाला दिसत नाहीये, याचं मात्र फार वाटलं. सांगायच्या गप्पा होत्या तशाच होत्या, पण आता त्या जड झाल्या होत्या.

तासाभरानं बोट आली. मामा उडी मारून उतरला तो थेट पाया पडायला.

"चुकलो गं माय. रेश्मीनं बारा गिऱ्हाईक मोजलं, बारा भरलं. तू घरची, तुला गिऱ्हाइकात धरत न्हाई…"

"मामा, पाया नको पडूस. ओरड ना माझ्यावर!"

"भाचीवर कोन वरडतं?"

"मी वरडते!" रेश्मा बोटीतूनच कडाडली. "सांगून जाता येत न्हाई? नुसती उंडगी! जीव गेल्ता माझा, कळतं का?"

निकिताला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

परत जाताना रेश्मा तिच्या शेजारी गादीवर येऊन बसली. माईक नाही, शिट्टी नाही.

"हं, बोल आता. फोनवर काय नंबर आला म्हनत हुतीस?"

"अगं, ऐक तर! पहिलं म्हणजे, स्टेजवर गेले आणि समोर एवढे लोक…"

ती हातवारे करत सुटली. परीक्षकांच्या चष्म्यापर्यंत आली आणि खांद्यावर काहीतरी टेकलं. रेश्मा झोपली होती. सकाळपासूनची ही पाचवी फेरी होती. तिच्या केसांना डिझेलचा वास येत होता.

निकितानं हात आवरते घेतले. धक्क्यावर जाकिटं घातलेली माणसं दिसायला लागली होती.

"उठव गं तिला," मामा मागून म्हणाला.

"हो," निकिता म्हणाली. आणि खांदा न हलवता, पाण्याकडे बघत, तशीच बसून राहिली.