शरण आले, पण हात लावू नका

मी हिरवी पलटण बोलतेय. हसू नका! आहे मी बोटाच्या पेराएवढी, पण राजधान्या घेतल्यात आणि घालवल्यातही.

जन्माने मी दोऱ्याच्या लाकडी रिळाचा तुकडा. माझी धनीण शिंपीण, तिचा नवरा सुतार. दोरा संपला की तो रीळ कापायचा, रंगवायचा आणि स्वतः आखलेल्या पटावर पलटण म्हणून उभं करायचा. सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकली की घरात युद्ध पेटायचं.

त्यांचा मुलगा तेव्हा लहान होता. राजधानी पडली की राज्य शरण, आणि शरण आलेल्याचं सैन्य डब्यात, असा नियम. पोरगं हरलं की भोकाड पसरायचं. "माझ्या पलटणी डब्यात नाही घालायच्या!" शेवटी सुताराने नियमच बदलला. शरण आलेल्याच्या सैन्याला जिंकणाऱ्याने हात लावायचा नाही. हरणाऱ्यानेच ते मोकळ्या मुलखात हलवायचं आणि तिथून पुढे खेळायचं.

पुढे सुतार गेला. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेला आणि आम्ही माळ्यावर धूळ खात पडलो. माझ्या एका बहिणीला उंदराने कुरतडलं. माणसांना जुना खेळ टाकवतही नाही आणि खेळायला सवडही होत नाही.

अलीकडे धनीण जिन्यात पडली. घर तिसऱ्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. मुलगा धावत आला. आपल्या घरातली खोली त्याने ठरवली, खाट कुठे लावायची ते ठरवलं, शिलाई मशीन विकायचंही ठरवलं. तिला विचारायचं तेवढं राहिलं. सामान बांधताना पट हाती लागला.

"आई, निघण्याआधी एक डाव होऊन जाऊ दे."

तिची राजधानी पडली. पटावर हिरवी अशी मी एकटीच उरले. आवरण्याच्या भरात मुलाने मला डब्यात टाकायला हात पुढे केला. माझा नुसता संताप झाला.

"हात मागे घे," धनीण म्हणाली.

"अगं, हरलीस ना तू?"

"हरले. त्या जिन्याशीही हरले, नाही कुठे म्हणतेय? पण शरण आलेल्याचं सैन्य कोणी हलवायचं? बाबांनी तो नियम कोणासाठी केला होता रे?"



धनिणीने मला उचललं आणि पटाच्या कडेच्या मुलखात ठामपणे ठेवलं. "खाली रस्त्यालगत माझं दुकान आहे. मागे खोली आहे, मोरी आहे. मी तिथे राहणार, आणि मशीनही तिथेच राहणार."

"आणि रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"भिंतीवर थाप मारली की शेजारची बेकरीवाली येते. तुझी काळजी कळते मला. पण मला हलवायचं तर विचारून हलव."

मग त्याने बांधलेलं पहिलं गाठोडं उचललं आणि विचारलं, "दुकानात कुठे ठेवू?"

आता माझा मुक्काम कापड बेतायच्या टेबलावर आहे. रंग उडालाय, कड झिजलीय, तरी मला डब्यात घालायचा विचार कोणी करू नये, सांगून ठेवते. मुलगा सुट्टीला येतो आणि पट मांडतो. परवा त्याची राजधानी पडली. धनिणीने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती म्हणाली, "बोल बाळा, तुझं सैन्य कुठे नेतोस?"