चकतीच्या शर्यतीतला मिलिंद

रविवारी दुपारी आमच्या सिंगापुरातल्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी जाणवायची ती मोजा घातलेल्या पायाची दणदण. आतल्या खोलीत मिलिंद, म्हणजे माझा नवरा, संगणकाला जोडलेल्या शर्यतीच्या स्टिअरिंगच्या चाकासमोर बसलेला असायचा आणि उजव्या पायाने पेडल असं काही तळापर्यंत दाबायचा, की स्वयंपाकघरात कांदा चिरताना ते मला फरशीतून तळपायाला कळायचं. पाऊस पडून गेल्यावरचा धुवट, पांढुरका प्रकाश खिडकीतून त्याच्या मानेवर उतरलेला असायचा. आणि जहाजांच्या इंजिनरूममध्ये अर्धं आयुष्य वाकून काढल्याने जाड झालेली ती मान त्या क्षणी परीक्षेला बसलेल्या पोरासारखी ताठ दिसायची. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ खोट्या गाडीत बसून खरा घाम गाळायचा! मला हसू यायचं, आणि लपवायला पदर नसल्यामुळे मी ते कांद्यावर ढकलायचे.

खेळ असा. आमच्या ओळखीतली इथली दहा-बारा मराठी घरं रविवारी संगणकावर स्टॉक कारच्या, म्हणजे दिसायला साध्या मोटारीसारख्या गाड्यांच्या, शर्यती खेळतात. चाक ज्याच्या त्याच्या घरी, कानाला हेडफोन, त्यामुळे शर्यत आणि टिंगल एकदमच चालते. साध्या ट्रॅकवर मिलिंदला तोड नाही. पण उंच कललेल्या वळणांच्या अतिविशाल ट्रॅकवर नियम बदलतो. गाड्या बेफाम सुटून माणसं दगावू नयेत म्हणून तिथे इंजिनाच्या हवेच्या वाटेत बारीक भोकांची चकती बसवतात. खऱ्या शर्यतीतली ही रीत खेळातही पाळलेली. हवा कमी, म्हणून ताकद कमी. मग सगळ्यांचा वेग सारखाच होतो, कुणालाच कुणापासून सुटता येत नाही, आणि सगळा ताफा एकमेकांना चिकटून गरगरत राहतो. एकटी गाडी वाऱ्याशी झुंजून दमते. दोन गाड्या एकीमागे एक लागून धावल्या तर दोघींनाही बळ चढतं. थोडक्यात, मागून कुणीतरी ढकलल्याशिवाय तिथे जिंकता येत नाही, आणि एकाचा अंदाज चुकला तर निम्मा ताफा भिंतीवर जातो.

ही चकती मिलिंदच्या प्रकृतीला कधीच मानवली नाही. चीफ इंजिनियर म्हणून त्याने आयुष्यभर हुकूम सोडले आणि माणसांनी ते झेलले. आमची मुलगी सई जन्मली तेव्हा तो समुद्रात होता. ती चालायला लागली ते त्याने फोनवर ऐकलं. तिच्या कित्येक वाढदिवसांच्या फोटोंत केक आहे, मी आहे, बाप नाही. किनाऱ्यावरची नोकरी धरून तो कायमचा घरी आला तेव्हा त्याला घरात एक स्वतंत्र वेळापत्रकाची, दार लोटून अभ्यास करणारी मुलगी भेटली. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. मग ही शर्यत आली. ती तिच्या खोलीतून गाडी चालवायची, हा याच्या खोलीतून. मध्ये एक भिंत, आणि एका घरात राहणाऱ्या बापलेकीची गाठ पडायची ती कुठल्यातरी दूरच्या, अस्तित्वात नसलेल्या डांबरावर. त्यातही मला भरून यायचं.

सई ऑगस्टमध्ये शिकायला कॅनडाला जाणार हे ठरलं, त्याच सुमाराची गोष्ट. चकतीची शर्यत होती. मिलिंद तिसरा होता, सई त्याच्या लगेच मागे. धीर धरवेना म्हणून हा रांग सोडून बाजूला निघाला, अर्थातच लेक मागोमाग येईल या भरवशावर. ती गेली परागच्या मागे. पराग हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. हा एकटा पडला, आणि एकेक गाडी त्याला ओलांडून गेली. शर्यत संपल्यावर लगेच, चहा पिताना त्याने विचारलं, "सई, तू माझ्या मागे का नाही आलीस?"

तिने बिस्किट बुडवत, इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात सहज सांगितलं, "तू कोणालाच कधी पुश नाही करत, बाबा. देन हू विल पुश यू, लाह?"

मिलिंदचे कान लालबुंद झाले. तो कपातल्या चहाकडे असा बघत राहिला, जणू उत्तर तळाशी गाळ होऊन बसलं आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, आणि मलाही. वर्षानुवर्षं जे मी ओठांवर आणून गिळत आले ते पोरीने एका बिस्किटात सांगून टाकलं होतं.

जुलैत मोसमाची शेवटची शर्यत होती, तीही चकतीची. सई ती जिंकली तर मोसमाचा चषक तिचा होणार होता, आणि तो जाताना बॅगेत न्यायचा हे तिने बोलूनही दाखवलं होतं. मिलिंद तिच्या दाराशी जाऊन म्हणाला, "आज मी तुझ्या मागे. शेवटपर्यंत." मी काम टाकून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. काय सांगू, इतकी मऊ गाडी चालवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं! पुढे जायच्या दोन संधी त्याने सोडून दिल्या. खांदे उतरलेले, ओठ किंचित विलग, डोळे समोरच्या, सईच्या निळ्या गाडीच्या पाठीवर खिळलेले. सई पहिली होती. शेवटचं वळण आलं, आणि याने तिला प्रेमाने ढकललं.

वळणावर ढकलायचं नसतं. निळी गाडी आडवी झाली, भिंतीवर गेली, परतून ताफ्यात आली, आणि मागून येणारे सगळे एकामागून एक तिच्यावर आदळले.

हेडफोनमधून परागचा आवाज फुटला, "अरे मिल्या, पोरीलाच उडवलंस की!" कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. मिलिंद म्हणाला, "माझं चुकलं. सगळ्यांची माफी मागतो." त्याच्या तोंडून असा बारीक आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्या चेहऱ्यावर होतं. लाज त्याची होती, आणि तोंड लपवायला मी स्वयंपाकघरात पळाले.

सई पाणी घ्यायला बाहेर आली, तसा तोही त्याच्या खोलीतून आला. रडली नव्हती. "इट्स ओके, बाबा. गेम आहे," म्हणत तिने, पाहुण्याला निरोप देताना थोपटावं तसं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्या खोलीचं दार हलकेच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालताना तो मध्येच थांबला. दूरवर नांगरलेल्या जहाजांकडे पाहत म्हणाला, "ती वळणावर पाय जरासा सैल सोडते गं. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, माझ्यासारखीच दाबून धरत असेल." अठरा वर्षांची लेक, आणि तिची एवढीशी सवय बापाला भिंतीवर आदळल्यावर कळली.

सई गेली. मिलिंद आता रविवारच्या शर्यतीत नसतो. मित्रांना काम असल्याचं सांगतो. पण दुपारी दार लोटून तो एकटाच ट्रॅकवर उतरतो आणि संगणक चालवतो त्या गाडीच्या मागे लागून ढकलायचा सराव करतो. मी फटीतून पाहते आणि पाहिलं नाही असं दाखवते, कारण मी पाहिलेलं त्याला सोसणार नाही. वळण आलं की तो पाय सैल सोडतो, वाट बघतो, सरळ रस्ता लागला की अलगद टेकतो. आता त्याचा अंदाज चुकत नाही. समोरच्या गाडीत मात्र कुणी नसतं. मुलं मोठी व्हायला आपल्यासाठी थांबत नाहीत. त्यांना कसं जपावं हे हाताला उमगेपर्यंत त्यांची जागा रिकामी झालेली असते, आणि मग उरलेलं आयुष्य आपण त्या रिकाम्या जागेलाच जपत बसतो.