रेंजबाबाची घोंगडी

‘डोळे मिटा. रेंज बाहेरून येत नाही, आतून येते.’

किती वर्षं झाली, तो घोगरा आवाज अजून माझ्या कानात आहे. डोंगर पोखरून बोगदा काढायचं काम चाललं होतं आणि मी तिथली नर्स. चहूकडे नुसता दगड, फोनवर रेंजची एक काडी नाही. सुरुंगाजवळ फोन नेता येत नसे, म्हणून सगळ्यांचे फोन फाटकावरच्या वॉचमनच्या पेटीत जमा व्हायचे. हाच वॉचमन पुढे रेंजबाबा झाला.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खोपटापुढे रांग लागे. बाबाचे नियम कडक. फोनचं कुलूप काढूनच टाकायचं. कुलूप म्हणे मनातली शंका. मग हेल्मेट उलटं धरून काँक्रीटच्या मिक्सरला तीन फेऱ्या. तोवर बाबा घोंगडीखाली फोनला राख चोळत पुटपुटायचा, आणि खरंच इंटरनेट सुरू व्हायचं! कामावर परतताना फोन पेटीत गेला, की कृपा समाप्त. लोक त्याचे कपडे धुवायचे, पाय चेपायचे. एक ड्रिलवाला तर येता-जाता मिक्सरलाच हात जोडू लागला होता.

वेल्डर मात्र एकदा बाबाला हसला. तेव्हापासून आठ दिवस त्याचा फोन म्हणजे नुसता गोटा. आठव्या दिवशी दुपारी दोन वाजता त्याच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिच्याशी बोलायला म्हणून बिचाऱ्यानं एकवीस फेऱ्या मारल्या.

“तुझ्या पोटात पाप आहे, बाळा,” बाबा म्हणाला. “रेंज तिथं अडकते.”

माझं डोकं सणकलं. पण मी मुकाट्यानं रांगेत उभी राहिले, हेल्मेट उलटं धरून फिरलेसुद्धा. फोन परत मिळाला तशी वायफायच्या सेटिंगमध्ये शिरले. कृपेचं नाव तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘साइट ऑफिस’. ऑफिस खोपटाला लागूनच, छपरावर उपग्रहाची छत्री. साहेबांनी पासवर्ड फक्त ऑफिसपुरता ठेवला होता आणि भिंतीवर चिकटवून दिला होता. बाबा घोंगडीखाली तोच टाइप करायचा, फोन जमा झाला की पुसून टाकायचा.

मी ‘शेअर’ दाबलं. पडद्यावर क्यूआर कोडचा ठिपक्यांचा चौकोन उमटला. वेल्डरला म्हटलं, यावर कॅमेरा धर. नेट लागलं.

झालं, रांग माझ्याकडे वळली. दोघे राख घेऊनच आले. एकानं अदबीनं विचारलं, “ताई, तुमच्याकडे फेऱ्या किती?”

“एकही नाही. कॅमेरा उघडा, डोळेही उघडा.”

बाबानं जाहीर केलं, की ही कृपा त्याचीच, फक्त ताईंच्या हातून वाहतेय. मी म्हटलं, घोंगडी काढून एकदा करून दाखवा. त्यावर बाबाची समाधी लागली.

मंडळी, हवेतून येतं तेसुद्धा कुणीतरी राबून, यंत्र जोडून पाठवलेलं असतं. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती आपली काळजी सोपवू नका.

दोनला दहा कमी होते. पडद्यावर वेल्डरची बायको, डोक्याला हिरवी टोपी.

“सुट्टी नाही मिळाली, त्याला काय करणार,” ती म्हणाली. “जेवलात ना?”

वेल्डरचा चेहरा कसनुसा झाला.

“सुट्टी मी मागितलीच नव्हती गं. तुला असं बघायची भीती वाटत होती.”