नवव्या महिन्याची सुई

"माझ्या नातवाक काय टोचलंस गो तू?" शेजारच्या रत्नप्रभाकाकी दारातूनच कडाडल्या. "चांगलो हसत-खेळत होतो. आता बघ अंगार काय इला ता!"

सुगंधा सिस्टर नुकतीच म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून येऊन पाय धूत होती. तशीच ओल्या पायांनी धावली. काकींच्या सुनेच्या, प्रेमाच्या मांडीवर नऊ महिन्यांचा नंदू किरकिरत होता. अंग कोमट, मानेवर न् पोटावर लालसर पुरळ. सुगंधाने हात लावून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"घाबरू नका काकी. गोवराची लस देऊन नऊ दिवस झाले ना? एखाद्या पोराला येतं असं. दोन दिवसांत मावळेल."

"म्हणजे तूच आणलंस! देवी आपल्या पायान येता, तू तिका बाटलेतून आणलंस!"

घ्या! तरी सुगंधाने सांगून पाहिलं. "अहो, चोराला अर्धमेला करून अंगाला दाखवायचा. अंग त्याची ओळख ठेवतं. खरा चोर आला की उंबऱ्यातच धरतं."

"चोराक घरात घेवचोच कित्याक?"

सासूला न सांगता पोराला सुई द्यायला नेणारी प्रेमा खाली मान घालून बसली होती. देवी आली म्हणून काकींनी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली, आणि सुगंधाला बजावलं, "परत ह्या घरात पाय ठेवू नको."

पुरळ दुसऱ्या दिवशी मावळलं. दार मात्र उघडलं नाही.

असं होणार हे सुगंधाला आधीच ठाऊक होतं, हे विशेष. बावीस वर्षांची नोकरी, लग्न राहून गेलेलं, भाऊ आपापल्या संसारात. चारकोपच्या या सेक्टरात घर मिळालं तेव्हापासून संध्याकाळी जायला तिला हे एकच दार होतं. नंदू तिच्या मांडीवर झोपायचा, तिचं बोट तोंडात घालायचा. पण गोवर छातीत उतरलेली पोरं तिने पाहिली होती. दार गेलं तरी चालेल, पोर राहू दे, असं म्हणून तिने सुई भरली होती.

फाल्गुनात खरा गोवर आला. गल्लीत सात दारांवर डहाळे लागले. सुगंधा प्रत्येक दारात जाऊन घसा फोडून सांगत होती, धाप लागली तर इस्पितळात न्या. कोपऱ्यावरच्या शेवंतीने ऐकलं नाही. "सिस्टर, देवीला राग येईल," म्हणाली. ऐकलं तेव्हा उशीर झाला होता. दोन वर्षांची मुलगी गेली.

आजारी पडायच्या आदल्याच दिवशी ती मुलगी नंदूबरोबर खेळली होती. शंभरातल्या दहा-पंधरा पोरांना लस लागू पडत नाही, हे सुगंधाइतकं कुणाला ठाऊक? रोज घरी आली की ती लाज सोडून मधल्या भिंतीला कान लावायची. खोकतोय का? पंधरा दिवस तिला जेवण गेलं नाही. भिंतीपलीकडून नंदूचा नुसता दंगा ऐकू येत होता.

"माझ्या नातवाक काय होवचा नाय," काकी नळावर बायकांना सांगत होत्या. "देवी त्याका येवन गेली. एकदा येवन गेली की परत येणा नाय."

प्रेमाने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने बादली नळाखाली सरकवली. काकी तशा फारसं चुकीचं बोलत नव्हत्या.

त्या रविवारी नंदू एकटाच बाहेर आला. चालायला लागला होता गुलाम! भिंतीला हात लावत लावत थेट तिच्या दारापर्यंत. सुगंधाचा ऊर भरून आला. ती उकिडवी बसली, हात पसरले. "ये रे माझ्या राजा, ये!"

नंदू थांबला. तिला खालवर न्याहाळलं. पाच महिने म्हणजे त्याच्या वयाला केवढे! ओठ काढून त्याने भोकाड पसरलं आणि उलटा पळत सुटला. धपकन पडला, उठला, पुन्हा पळाला, आणि काकींच्या लुगड्यात शिरला.

सुगंधाचे डोळे वाहायला लागले. तिने ते पुसले नाहीत. पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत ती तशीच बसून होती, पसरलेले हात मिटायचंही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.